देवराईतला वाळता आंबा : यंदाच्या पावसाळ्याची नोंद

शेंडा गेल्या वर्षीच वाळला होता. आता खालच्या दोन फांद्या सोडल्या तर झाडाला पान नाही. आमच्या देवराईतलं पडलेलं लाकूडही कुणी उचलत नाही, म्हणून मरणारं झाड असं सलग बघायला मिळतंय.

पहिले पाऊस झाले आणि भिरूड, म्हणजे खोड पोखरणारे मोठे भुंगेरे, बाहेर पडले. शास्त्रीय नाव बाटोसेरा रुफोमॅक्युलाटा. रात्री टॉर्चच्या उजेडात खोडावर मादी सापडली. लांबी जवळपास पाच सेंटिमीटर, रंग राखाडी-तपकिरी, मानेमागच्या ढालीवर दोन केशरी डाग आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा. बोटांत धरली तर ती ढाल वरखाली घासून चरचर आवाज काढायला लागली. सोडल्यावर तिने जबड्याने साल चिरली, मग वळून त्या चिरेत अंडं घातलं. एका चिरेत एकच. अळी आधी सालीखाली नागमोडी पोखरते, मग आत लाकडात शिरते आणि कोषही तिथेच करते.

ज्या बाजूला साल अजून ओली आहे, तिथे टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि त्यांतून शेवयांसारख्या बाहेर आलेल्या पांढऱ्या भुशाच्या काड्या. हे अँब्रोशिया भुंगेरे. लाकूड ते खात नाहीत. सोबत आणलेली बुरशी बिळाच्या भिंतीवर वाढवतात आणि पिल्लांसकट तीच खातात. बुरशीला ओल लागते, म्हणून वाळक्या बाजूला त्यांचं एकही भोक नाही. मला या झाडावरचं हे सगळ्यांत विलक्षण वाटतं.

वाळक्या बाजूची भोकं लंबगोल आहेत, म्हणजे बहुधा सोनकिड्यांच्या (चकाकत्या भुंगेऱ्यांच्या) गटातलं कुणीतरी. किडा दिसेपर्यंत नाव लिहीत नाही.

‘एवढी कीड, झाड तोडून जाळा’ असं गावात ऐकू येतंच. भिरूड बागेतल्या अशक्त कलमांनाही लागतो आणि १९९०च्या दशकात मध्य प्रदेशातल्या साल वृक्षांच्या जंगलांत खोडकिड्यामुळे लाखो झाडं तोडावी लागली, त्यामुळे ही भीती खोटी नाही. पण भुंगेऱ्यांनी पोखरलेल्या अशाच लाकडावर सुतारपक्षी जगतात आणि त्यांच्या जुन्या ढोल्यांत साळुंक्या, पोपट घर करतात. देवराईत तरी हे झाड उभं राहायला हवं.

अळ्या बघायला साल सोलू नका, आतली ओल जाते. मी जुन्या भोकांशेजारी रंगीत टाचण्या टोचल्यात. पाऊस उघडला की टाचणीविना असलेली नवी भोकं मोजायची आहेत.