आमची वाटचाल : दहा बाय दहाची खोली

गिरगावातल्या चाळीत दहा बाय दहाची खोली भाड्याने घेऊन मी आणि माझ्या मावसभावाने रेकॉर्डिंगचं काम सुरू केलं. नाटकांचं पार्श्वसंगीत, भावगीतं, जिंगल्स. पहिल्याच वर्षी एका नाट्यनिर्मात्याने काम परत पाठवलं. "ढोल थिएटरात नुसता घुमतोय," म्हणाले. आमच्या खोलीत तोच ढोल पोकळ वाटायचा, म्हणून त्याचा बेस आम्हीच वाढवला होता. नवे स्पीकर घ्यायचे म्हणून कर्जाची चौकशीही केली.

भाऊ म्हणाला, आधी मोजू. लॅमिंग्टन रोडवरून मापनाचा मायक्रोफोन आणला. २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा शुद्ध स्वर प्युअर डेटा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्वतः तयार केला आणि शेवटची लोकल गेल्यावर वाजवला. आलेखात ५७ हर्ट्झला खोल खड्डा, म्हणजे तिथे आवाज जवळपास गायब! मुंबईच्या उकाड्यात आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. दहा फुटांत त्याची अर्धी लाट बसते ती याच फ्रिक्वेन्सीला, आणि खोलीच्या मधोमध तिचा दाब जवळपास शून्य होतो. आमची खुर्ची नेमकी तिथेच होती. ती फूटभर पुढे घेतली, कोपऱ्यांत आवाज शोषणाऱ्या रॉकवूलचे जाड पॅनेल उभे केले. कर्ज टळलं.

त्या रात्रीपासून आवाज घडवायचा नादच लागला. तोवर आम्ही सिंथेसायझरचे तयार आवाज दाबून मोकळे व्हायचो. करवतीच्या दात्यांसारखी लाट आम्ही गणिताने काढली. सूर वर चढवला की मागून एक शिटी खाली उतरायची. कॉम्प्युटरला जोडलेला ऑडिओ इंटरफेस बिघडला असं वाटलं. दोष आमच्या लाटेत होता. डिजिटल आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले तर २२,०५० हर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. २५,००० चा हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतला वरचा स्वर, दुमडून १९,१०० ला ऐकू येतो. मग एफएम, म्हणजे फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन, शिकलो. एका स्वराने दुसऱ्याची फ्रिक्वेन्सी वेगाने हलवायची, की नवे स्वर उमटतात. जॉन चौनिंग यांना हे स्टॅनफर्डमध्ये १९६७ साली सापडलं. यामाहाचा १९८३ चा डीएक्स-७ सिंथेसायझर त्यावरच उभा आहे. घंटेचा आवाज त्यातून सहज जमला. तंबोऱ्याच्या जवारीने, त्या झणझणीत गुंजनाने, मात्र वर्षभर दमवलं.

आता शनिवारी आम्ही हे शिकवतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपला स्वर स्वतः बनवायचा आणि आपल्या घरातली खोली मोजून आणायची. परवा लालबागच्या एका मुलीने आलेख आणला. खड्डा ४३ हर्ट्झला. "खोली साधारण तेरा फुटी," मी म्हटलं. तिने टेप काढून दाखवली. सव्वातेरा.