जुन्या मारुतीचे इंजिन वाजू लागते तेव्हा

जुन्या गाडीच्या इंजिनातून नवा आवाज येऊ लागला की आपण गॅरेजमध्ये जाऊन त्याची नक्कल करून दाखवतो. त्या नकलेचा निदानाला फारसा उपयोग होत नाही, कारण तशाच टकटकीमागे सैल झालेला टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेचा भाग) असू शकतो, धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डचे फुटलेले पॅकिंग असू शकते किंवा नीट न आवळलेला स्पार्क प्लगही असू शकतो. आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा सुरू होतो, केव्हा थांबतो आणि कशाबरोबर वाढतो हे आधी पाहावे, असे माझे मत आमच्या कार्ब्युरेटरवाल्या (म्हणजे पेट्रोल इंजेक्शन नसलेल्या जुन्या) मारुती 800 ने बनवले आहे.

1983 ते 2014 एवढा काळ बनत राहिलेल्या या गाडीचे इंजिन अशा तपासाला सोयीचे आहे. 796 सीसी, तीन सिलिंडर, आमच्यासारख्या मॉडेलात एकूण सहा व्हॉल्व्ह आणि बॉनेट उघडल्यावर हात जाईल एवढी मोकळी जागा. तीन सिलिंडरमुळे आयडलिंगला ते मुळातच थोडे थरथरते, आणि इंजिन ज्यावर टेकलेले असते ते फाउंडेशनचे रबर दबून गेले की ती थरथर थेट डॅशबोर्डपर्यंत पोहोचते. पुष्कळ मालकांना वाटणारा ‘इंजिनचा आवाज’ प्रत्यक्षात एवढाच असतो.

पहिली चाळणी गाडी जागेवर उभी असतानाच लावता येते. न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावर आवाज वाढला तर शोध इंजिनाच्या आसपास घ्यावा. तो केवळ गाडी चालत असताना येत असेल तर चाकांचे बेअरिंग किंवा ड्राइव्ह शाफ्ट पाहावेत. त्यानंतर क्लच दाबून पाहावा. क्लच दाबताच आवाज सुरू होत असेल तर बहुधा रिलीज बेअरिंग दोषी असते, आणि दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. या दोन्ही तपासण्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत, तरीही त्या न करताच हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवण्याची भाषा सुरू झालेली मी ऐकली आहे.

सर्वाधिक बदनाम झालेला भाग म्हणजे टॅपेट. व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट ही पिस्टनने फिरवल्या जाणाऱ्या क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते, त्यामुळे आयडलिंगला इंजिन मिनिटाला साधारण 900 फेरे घेत असेल तर एका सैल टॅपेटचा ठोका सेकंदाला सात-आठ वेळाच पडतो, तर क्रँकशी जोडलेल्या भागांचे ठोके त्याच्या दुप्पट वेगाने पडू शकतात. हा फरक मोजता आला नाही तरी कानाला जाणवतो. टॅपेटचा आवाज हलका, धातूचा, वरच्या झाकणाखालून येणारा असतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक झाकणावर टेकवून मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली की तो अगदी स्पष्ट ऐकू येतो. मात्र असे करताना ओढणी, सैल बाह्या आणि केस बेल्टपासून दूर ठेवावेत. कार्ब्युरेटरच्या गाड्यांतला यांत्रिक फ्युएल पंपही हुबेहूब असाच टिकटिकतो, म्हणून स्क्रू-ड्रायव्हर त्याच्यावरही टेकवून पाहावा.

टॅपेट थोडा वाजत असेल तर मी फारशी काळजी करत नाही. उलट, जुने इंजिन अचानक फार शांत झाले तर फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) काढावा. व्हॉल्व्ह आणि त्याची सीट झिजत गेली की टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांमधली फट कमी होते, व्हॉल्व्ह पूर्ण बसेनासा होतो आणि, विशेषतः एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह, जळतो. ‘एकही टॅपेट वाजता कामा नये’ असा आग्रह धरून फट गरजेपेक्षा कमी करून घेणारे मालक हेच नुकसान स्वतः पैसे मोजून ओढवून घेतात.

आमच्या गाडीत सकाळी सुरू करताना जोराची टकटक येई आणि इंजिन तापले की ती नाहीशी होई. एका मेकॅनिकने बेअरिंग सांगितले, दुसऱ्याने टॅपेट. परंतु तेल गरम होऊन पातळ झाले की बेअरिंगचा ठोका सहसा वाढतो, थांबत नाही. आणि झाकण उघडून तपासलेल्या फटी बरोबर निघाल्या. अखेर थंड इंजिन सुरू करून, जाड फडक्याने सायलेन्सरचे तोंड क्षणभर दाबून धरले, तेव्हा टकटक एकदम वाढली आणि तिच्यात फसफस मिसळली. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जिथे हेडला बसते तिथे एका बोल्टाशेजारी काजळीचा बोटभर पट्टा उमटलेला होता. धातू तापून प्रसरण पावला की तिथल्या फुटक्या पॅकिंगमधली भेग मिटत असे, एवढेच त्या गूढामागचे कारण होते. काम पॅकिंगवर भागले. इंजिन थंड असताना येऊन नंतर जाणाऱ्या ठोक्याचे दुसरे कारण बोअरमध्ये सैल झालेला पिस्टन हे असते आणि त्याचा ठोका अधिक बोथट असतो. तो मिनिटभरात जात असेल तर तसाच वापर अनेक महिने चालू शकतो.

बेल्टची किंचाळी ओळखायला सोपी आहे. बेल्टवर पाण्याचे थेंब पडताच ती बदलली तर बेल्ट घसरतो आहे. घरघर येत असेल तर बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिट चालवावे. घरघर गेली तर ती अल्टरनेटरची किंवा वॉटर पंपाची आहे. याहून अधिक वेळ चालवू नये, कारण त्या काळात पाणी फिरत नसते.

दिवे घाटात वरच्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर येणारा बारीक खणखणाट हा कोणताही भाग सैल असल्याचे लक्षण नसते. मिश्रण अवेळी पेटत असते. गिअर खाली घेतल्यावर तो थांबला तर डेल्कोचे (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे) टायमिंग, साचलेला कार्बन आणि इंजिनाचे तापमान या क्रमाने पाहावे.

खरी भीती बाळगावी ती खोल, खालून येणाऱ्या, तापल्यावर वाढणाऱ्या ठोक्याची. कार्ब्युरेटरच्या गाडीत इन्सुलेटेड पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढून पाहता येते. एखाद्या सिलिंडरची वायर काढताच ठोका मऊ झाला तर त्या सिलिंडरचे बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला जिथे जोडतो तिथले) गेले असण्याची दाट शक्यता असते. इंजेक्शनच्या गाडीत मात्र हा प्रयोग करू नये, कारण न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब करू शकते. जुनी गाडी विकत घेताना हाच ठोका लपवण्यासाठी सम्पमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) दाट तेल ओतलेले असू शकते, म्हणून विक्रेत्याने इंजिन आधीच तापवून ठेवलेले नाही ना, हे बॉनेटवर हात ठेवून पाहावे आणि चांगली फेरी मारल्यावर पुन्हा ऐकावे.

असा ठोका पक्का झाला, किंवा त्याच्यासोबत ऑइलचा दिवा लुकलुकू लागला, तर इंजिन तिथेच बंद करून गाडी टो करून न्यावी. वेळेवर सम्प उतरवला तर नव्या बेअरिंग शेलवर (बेअरिंगच्या बदलता येणाऱ्या अर्धगोल पट्ट्यांवर) काम भागू शकते. क्रँकवर चरे पडले तर तो काढून ग्राइंडिंगला पाठवावा लागतो आणि घासून बारीक झालेल्या क्रँकसाठी 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर अंडरसाइजचे शेल बसवावे लागतात.