जोडीदाराची ओळ एकच

सातपुड्यातल्या एका सजेवर मी तलाठी आहे. आमच्याकडे दुसऱ्या बायकोची वारस नोंद आली की पहिला शब्द ठरलेला: "तिला कोर्टात जायला सांगा."

त्या दिवशी दोघी सवती, मोठी आणि धाकटी, एकाच जीपने आल्या. भिल्ल नवरा वारलेला, मागे तीन एकर वनपट्टा, म्हणजे वनहक्क कायद्याने मिळालेली जंगलजमीन, आणि पाच लेकरं. हा कायदा 2006 चा. त्याचं कलम 4(4) सांगतं की हक्क नवरा-बायकोच्या नावे संयुक्त नोंदवायचा. ही तरतूद मला फार मोलाची वाटते, कारण नवरा जिवंत असताना सातबाऱ्यावर बायकोचं नाव क्वचितच दिसतं. पण दाव्याच्या अर्जात जोडीदारासाठी ओळ एकच. तिथे मोठीचं नाव गेलं. धाकटी 'कुटुंबातील इतर सदस्य' या रकान्यात, लेकरांच्या रांगेत. 13 डिसेंबर 2005 आधीपासूनची वहिवाट सांगताना दावा तपासणाऱ्या वनहक्क समितीला बांध दाखवत फिरली ती मात्र धाकटीच.

मोठी म्हणाली, "आप्पा, तिचं देज कुठे दिलं? पळवून आणलेली." देज म्हणजे नवऱ्याकडून मुलीच्या घरी द्यायचं वधूमूल्य.

पोलीस पाटलांना बोलावलं. ते म्हणाले, धाकटीचं देज दोन वेळा करून दिलं, दुसऱ्या वेळी बोकड कापला, मी तिथे जेवलो. हा जबाब मी शब्दन् शब्द उतरवला. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा लागू नाही, हिंदू वारसा कायदाही नाही. दोन्हींत कलम 2(2) तेच सांगतं. तिथे रूढी चालते, आणि रूढी सिद्ध करावी लागते. ते जेवण हाच पुरावा.

वरिष्ठ म्हणाले, "पहिलीच कायदेशीर, तिचंच नाव लिहा." मी कलम काढून दाखवलं. आदिवासी तालुक्यात नोकरी करणाऱ्याला एवढं माहीत नसावं, याचा राग अजून जात नाही.

खरा पेच पुढेच आहे. पट्टा संयुक्त, म्हणजे माझ्या वाचनाप्रमाणे अर्धा मोठीचा आधीपासूनच. वाटायचा तो नवऱ्याचा अर्धा, त्यातही पाच लेकरं वाटेकरी. रूढीने दोघी सारख्या बायका ठरल्या तरी धाकटीच्या हाती गुंठ्यांत मोजण्याएवढंच येणार, कारण अर्ज छापणाऱ्याने दुसरी ओळ ठेवली नाही.

सहा-कच्या, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत मी दोघींपुढे 'पत्नी' लिहिलं. नोंद तक्रारी ठरून वर गेली आहे. तोवर पेरणी धाकटीनेच करायची, असं मोठी स्वतः म्हणाली. बियाण्याचे पैसे दोघींनी अर्धे अर्धे घालायचे.