असू दे ओ

रविवार, रात्री साडेअकरा

आजच्या व्याख्यानाचं हॅन्डबिल टेबलावर पडलंय. तिसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर राहिलं होतं. मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेनाने ११२७ + ७८ = १२०५. त्याखाली १२०४ आणि प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेलं.

सर बेळगावच्या बस्तीवर, म्हणजे जुन्या जैन मंदिरावर, बोलले आणि शेवटी एका आजोबांनी प्रश्न विचारला होता. टोपी सारखी करून, माईकची वाट न बघता. ‘सर, बस्तीचं साल तुम्ही बाराशे चार सांगितलं. पडद्यावर शके अकराशे सत्तावीस आहे. अठ्ठ्याहत्तर मिळवले तर बाराशे पाच येतंय की ओ.’ सरांनी चष्मा काढला. सर चष्मा काढतात तेव्हा सविस्तर सांगणार असतात. तेवढ्यात मी, निमंत्रक, वेळ संपल्याची चिठ्ठी पुढे सरकवली. सरांनी ती वाचली, घड्याळाकडे बघितलं, ‘नंतर बोलू या’ म्हणाले. आजोबा म्हणाले, ‘असू दे ओ, असू दे.’ आणि बसले. आभार संपेपर्यंत खुर्ची रिकामी झाली होती.

रागावले असते तर बरं झालं असतं.

सभागृह साडेसातला बंद करायचं असतं, ते खरं. किल्ल्यांचा जुडगा घेऊन वॉचमन दारात उभा होता, तेही खरं. पण उशीर त्या प्रश्नामुळे झालेला नव्हता. साडेपाचची वेळ छापलेली. माणसं यायला पावणेसहा. मग दीपप्रज्वलन, पंख्याने ज्योत विझली म्हणून पंखा बंद, मग पुन्हा दीपप्रज्वलन. स्वागत, प्रास्ताविक, परिचय, शाल, श्रीफळ, कुंद्याचा डबा. प्रास्ताविक माझं होतं. पाच मिनिटांचं लिहून नेलं होतं, बोललो चौदा. सर सहा पंचवीसला उभे राहिले आणि पन्नास मिनिटांत संपवलं. ठरलं होतं तेवढंच, एक मिनिट वर नाही. म्हणजे माझी वाढीव नऊ मिनिटं शेवटी कुणाच्या वाट्याची गेली, हे उघड आहे.

प्रोजेक्टरने मात्र त्रास दिला नाही, तो मागच्या वेळचा धडा. पॉवरपॉइंट दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडलं की जुन्या फॉन्टमधलं मराठी किडामुंगी होतं, म्हणून या वेळी सरांकडून पीडीएफ मागवली होती. स्पीकरही बोलणाऱ्याच्या पुढे ठेवले होते, मागे नाही. मागे ठेवले की त्यातला आवाज परत माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. इतकं सगळं सांभाळायचं आणि शेवटी एका चिठ्ठीने माती.  

एकशेवीस खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं त्रेचाळीस, त्यात सहा आमचीच. अशी फुकट, सगळ्यांना खुली व्याख्यानं काही नवी नाहीत. पॅरिसच्या कोलेज द फ्रान्समध्ये १५३० पासून प्राध्यापक शिकवतात. प्रवेश नाही, फी नाही, परीक्षा नाही, कुणीही जाऊन बसावं. लंडनला ग्रेशम कॉलेजात १५९७ पासून तसंच. टॉमस ग्रेशम या व्यापाऱ्याने मृत्युपत्रात तरतूद केली म्हणून सात विषयांचे सात प्राध्यापक नेमले गेले. (त्या सातांत इतिहास नव्हता. खगोलशास्त्र होतं, संगीत होतं, इतिहास नाही.) त्यांच्यामागे व्यापाऱ्याच्या इमारतीचं भाडं होतं. आमच्यामागे देणगीदारांच्या ओळीतली अकरा नावं, त्यातली तीन अजून येणं बाकी. सरांनी मानधन घेतलं नाही, एसटीचं तिकीट तेवढं घेतलं. आणि इथे फुकट म्हटलं की लोकांना वाटतं, काहीतरी विकायला आलेत. मी हे सगळं कुणासाठी करतो, असं घरी येऊन मोठ्याने म्हणालोसुद्धा. कुणी उत्तर दिलं नाही. जेवणं झाली होती.

पण उत्तर त्या कागदावरच आहे. त्रेचाळिसांतल्या एकाने बसल्या जागी बेरीज करून बघितली होती. त्याच्यासाठी.

बेरीज चूक नाही. मिती अशी आहे: शक ११२७, रक्ताक्षी संवत्सर (साठ वर्षांच्या फेऱ्यातलं त्या वर्षाचं नाव), पौष शुद्ध द्वितीया, शनिवार, उत्तरायण संक्रमण. बेळगावच्या किल्ल्यातले दोन शिलालेख लंडनला गेले, ते आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, त्यांतली ही मिती. रट्ट घराण्यातला राजा कार्तवीर्य चौथा, जोडीला धाकटा भाऊ मल्लिकार्जुन, आणि त्यांचा मंत्री बीचिराज, ज्याने बस्ती उभी केली. आता गोम अशी की आपण पंचांगावर शक वाचतो तो गतशक, म्हणजे पूर्ण झालेल्या वर्षांचा आकडा. जुन्या लेखांत कधी गत असतो, कधी वर्तमान, म्हणजे चालू वर्षाचा. दोहोंत एकाचा फरक. पुष्कळ लेख कुठला ते सांगतच नाहीत. अठ्ठ्याहत्तर मिळवायचे ते गतशकात. तेही सरसकट नाही. शकवर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे मिती एक जानेवारीच्या पुढे गेली तर एकोणऐंशी. पौष नेमका त्या उंबरठ्यावरचा महिना.

मग गत की वर्तमान हे ओळखायचं कसं? संवत्सराच्या नावावरून. आपल्याकडची रीत सोपी आहे. गतशकात बारा मिळवा, साठाने भागा, बाकी उरेल तो प्रभव या पहिल्या संवत्सरापासूनचा क्रमांक. ११२७ गत धरला तर ११३९, बाकी एकोणसाठ, म्हणजे क्रोधन. लेखात तर रक्ताक्षी आहे, अठ्ठावन्नावा. म्हणून ११२७ हा वर्तमान शक, गत ११२६. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की १२०४. वार लावून बघितला की २५ डिसेंबर १२०४, शनिवारच येतो. त्या काळात मकरसंक्रांतही, म्हणजे लेखातलं उत्तरायण संक्रमण, त्याच सुमारास पडायची, जानेवारीपर्यंत सरकली नव्हती. तीन खुणा एका दिवशी जुळतात, तेव्हा साल पक्कं.

बोलून दाखवायला किती वेळ लागतो ते आत्ता घड्याळ लावून बघितलं. दोन मिनिटं दहा सेकंद.

लेख कानडी आहे. पण रक्ताक्षी तिकडेही रक्ताक्षीच आणि आपल्या पंचांगातही रक्ताक्षीच. आजोबांना ते दोन मिनिटांत पटलं असतं, कदाचित संवत्सर त्यांनीच आधी सांगितलं असतं. पिशवीतून पंचांगाचा कोपरा दिसत होता. म्हणजे मला तसं वाटलं. नक्की काय होतं कुणास ठाऊक, भाजीचा कागदही असेल.

दहाला सरांना फोन केला. पोहोचले होते. म्हणाले, ‘अहो, वर्तमान शक. आज विचारलेला एकच खरा प्रश्न होता तो, मी सांगणारच होतो. मला वाटलं, हॉलचं काही झालंय.’ मी म्हणालो, ‘हॉलचंच होतं, सर.’ वॉचमनचं नाव मध्ये घातलं. बिचाऱ्याने जाताना दोन खुर्च्याही उचलून दिल्या होत्या.

‘असू दे ओ’ हे आपल्याकडे दोन तऱ्हांनी म्हणतात. चहा सांडला तर वेगळं, आणि तालुका कचेरीत खिडकी बंद झाल्यावर वेगळं. आजचं दुसऱ्या तऱ्हेचं होतं. ज्याला खिडकी बंद होण्याची सवय आहे, त्याचं. आजवर चिठ्ठी सरकवताना मला आपण फार शिस्तीचे वाटायचो.

पुढच्या महिन्यात व्याख्यान हलशीच्या कदंब राजांवर. ताम्रपट आहेत, नृसिंहाच्या देवळातला ११६९ चा लेख आहे, सालांचे प्रश्न येणारच. शाल-श्रीफळ शेवटी ढकलायचं, प्रश्न त्याच्या आधी घ्यायचे. नारळ कुठे पळून जात नाही. दीप बाहेरच लावून आणायचा. प्रास्ताविक दुसऱ्या कुणाला द्यावं का? देणगीदारांची नावं कोण नीट घेणार... बघू. तीन मिनिटं, कागदावरून, मान वर न करता.

आजोबांचं नाव कुणालाच माहीत नाही. एक म्हणतो वडगावचे, एक म्हणतो अनगोळचे. सकाळी वाचनालयात पेपर वाचायला येतात, एवढ्यावर दोघांचं एकमत. तेव्हा त्यांच्या बेरजेखालीच उत्तर लिहिलंय. त्यांची शाई निळी, माझी काळी. ११२७ वर्तमान, ११२६ गत, + १२, ÷ ६०, बाकी ५८, रक्ताक्षी. उद्या वाचनालयाच्या फळ्यावर लावतो, गणिताची बाजू बाहेर. निमंत्रक म्हणून माझं नाव ठळक छापलेली बाजू भिंतीकडे जाईल. टाचण्या मात्र घरात एकही नाही.