जादा तुकडीची फाईल

मे महिन्यात बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवसापासून आमच्या ऑफिसच्या खिडकीसमोर रांग. हडपसर, मांजरी, फुरसुंगीची मुलं तर असतातच, पण निम्मी रांग लातूर, बीड, धाराशिवची. थोरल्या भावाच्या नाहीतर गाववाल्याच्या खोलीवर राहायचं, सकाळी कॉलेज करायचं आणि दुपारनंतर कुठेतरी काम धरायचं, असा हिशेब मांडून आलेली. बी.कॉम.ची आमच्याकडे एकच अनुदानित तुकडी, १२० ची. बाकीच्यांना आधी 'यादी लागल्यावर या' म्हणायचं आणि यादी लागल्यावर 'जागा भरल्या' म्हणायचं. शेवटी संस्थेच्या बैठकीत जादा तुकडी मागायचं ठरलं आणि फाईल माझ्या गळ्यात पडली. कारण काय, तर 'आयशीचा फॉर्म तुम्हीच भरता ना सर!'

आयशी म्हणजे केंद्र सरकारचं उच्च शिक्षणाचं सर्वेक्षण. आपल्याकडे मुलं किती, शिक्षक किती, कोण कुठल्या प्रवर्गातलं, हे प्रत्येक कॉलेजने त्यात भरायचं. २०२१-२२ च्या अहवालात देशभरातले विद्यार्थी भरले ४.३३ कोटी आणि १८ ते २३ वयोगटातलं नोंदणीचं प्रमाण २८.४ टक्के. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला ते २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यायचंय. हे वाढीव टक्के बसणार कुठे, तर आमच्यासारख्यांच्या वर्गात.

कॉलेजला मनात आलं म्हणून तुकडी वाढवता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ प्रमाणे विद्यापीठ बृहत् आराखडा करतं. कुठल्या भागात कुठल्या अभ्यासक्रमाची गरज आहे, हे त्यात येतं. अर्ज आदल्या वर्षीच द्यायचा, विद्यापीठाने छाननी करून शिफारस करायची आणि मान्यता द्यायची शासनाने. फाईलला लागणारे कागद सांगत बसत नाही. संस्थेचा ठराव, मंजूर नकाशा, ताळेबंद, हमीपत्रं, आणि प्रत्येक पानावर सही-शिक्का. शिक्क्याची शाई मध्येच संपली, एवढं सांगितलं तरी अंदाज येईल.

खरी परीक्षा चौकशी समितीची, म्हणजे विद्यापीठाकडून कॉलेज तपासायला येणाऱ्यांची. समितीत आलेले एक सर निवृत्तीला टेकलेले, बोलायला मृदू, पण नजर पक्की. चहा घेण्याआधी ते ग्रंथालयात गेले. दाखल नोंदवही उघडून मधल्याच एका पानावर बोट ठेवलं आणि 'हे पुस्तक आणा' म्हणाले. ग्रंथपाल मॅडमनी कॉस्टिंगचं ते पुस्तक दोन मिनिटांत समोर ठेवलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग वर्गखोली. आमच्या आर्किटेक्टने क्षेत्रफळ लिहिताना बाहेरचा व्हरांडाही धरला होता. सरांनी शिपाईमामांना टेपचं एक टोक धरायला लावलं, दुसरं स्वतः धरलं आणि भिंत ते भिंत मोजलं. मग बाकावर बसले, आम्हा दोघांना शेजारी बसवलं आणि विचारलं, 'तिसरा लिहिणार कसा?' व्हरांडा वजा झाला, शेजारच्या खोलीची मधली भिंत पाडायचं लेखी दिलं, तेव्हा शेरा चांगला पडला. मला तो माणूस आवडला. खोली मोजायची तर अशीच मोजावी.

पण त्या दिवशी शिक्षकांबद्दल विचारलं गेलं ते 'नेमणार ना?' एवढंच. आम्ही 'नेमणार' म्हणालो, हमीपत्रात तसं लिहिलेलंच होतं.

मान्यता आली ती 'कायम विनाअनुदानित तत्त्वावर'. म्हणजे शासन परवानगी देणार, पगार देणार नाही. महाराष्ट्राला हे नवं नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली. तोवर ऐपतवाल्यांची मुलं त्यासाठी कर्नाटकात जायची. इंजिनिअरिंगला तेव्हा निदान पुढच्या नोकरीचा हिशेब तरी मांडता येत होता. आता साध्या बी.कॉम.ची वाढही त्याच वाटेने होते.

याचा अर्थ मला खिडकीवर कळला. गुणवत्ता यादीत वर असलेली मुलं 'अ' तुकडीत, अनुदानित. खालची 'ब' तुकडीत, विनाअनुदानित, आणि फी काही पटींनी जास्त. परांड्याकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. दोन्ही पावत्यांचे नमुने शेजारी शेजारी चिकटवलेले, ते त्यांनी नीट वाचले.

'सर, शिकवणारे तेच का?'

'काही तेच, काही नवीन.'

'परीक्षा?'

'तीच.'

'मग पोरीला मार्क कमी पडले म्हणून दंड लावलाय का हो?'

त्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२४ मध्ये शासनाने मुलींची फी माफ केल्याचंही त्यांनी ऐकलं होतं. ती माफी व्यावसायिक अभ्यासक्रमांना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींसाठी आणि आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेत. बी.कॉम. त्यात बसत नाही. प्राचार्यांनी हप्ते बांधून दिले म्हणून प्रवेश झाला. मार्क कमी पडलेली ही मुलं बहुतेक वेळा क्लास न लावता, घरचं काम करून बारावी झालेली असतात. सवलतीची गरज कुणाला जास्त, हे कळायला सर्वेक्षण लागत नाही, आणि बिल नेमकं त्यांच्याच नावावर फाटतं. जादा तुकडी नकोच, असं मी म्हणणार नाही. ती नसती तर ही मुलगी परत गावी गेली असती. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा म्हटलं, २०२० च्या धोरणातही तेच ६ टक्के आहेत. जागा वाढल्या, तो आकडा आहे तिथेच आहे.

शिक्षकांचं म्हणाल तर तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर, माणसं मिळतात, हेच वाईट आहे. मुलाखतीला आलेल्यांत सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झालेले, पीएच.डी. झालेले, आधीच दोन कॉलेजांत तास घेणारे. एकाने विचारलं, 'सर, तास सलग लावाल का? मला साडेदहाला वाघोलीला पोचायचंय.' लावले सलग. मुलांना अडचण विचारायची असेल तर ते गाडीला किक मारायच्या आत गाठावं लागतं.

यंदा फाईल करणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. खोली स्वतः टेप लावून मोजा, आर्किटेक्टच्या कागदावर जाऊ नका. आणि प्रथम वर्षाची तुकडी मागताना पुढच्या वर्षांचा हिशेब आधी मांडा. आज घेतलेली १२० मुलं पुढच्या वर्षी द्वितीय वर्षाला जातात, मग तृतीय, आणि नव्या धोरणाप्रमाणे ज्यांना ऑनर्स हवं त्यांचं चौथंही वर्ष. याला नैसर्गिक वाढ म्हणतात. तिची फाईल वेगळी, खोली वेगळी, फक्त मुलं तीच. आमच्याकडे द्वितीय वर्ष सकाळी सातला भरतं, कारण नंतर त्या खोलीत 'अ' तुकडी बसते. तृतीय वर्षासाठी परीक्षा विभागाची स्टोअररूम रिकामी करायचं चाललंय, आणि जुन्या उत्तरपत्रिका ठेवायच्या कुठे यावर संस्थेची बैठक अजून व्हायची आहे.