पट्टी, श्वास आणि अरुण दाते

४ मे, रात्र

आज भावगीतगायक अरुण दाते यांचा जन्मदिवस आणि परवा स्मृतिदिन. १९३४ साली इंदूरला जन्म, २०१८ साली मुंबईत निधन. चौऱ्याऐंशी पुरी होऊन दोनच दिवस झाले होते. या तारखांच्या निमित्ताने भावगीतांचे कार्यक्रम लागतात आणि तीच गाणी दर वर्षी त्याच तीन-चार जागी घसरतात. ‘हलकीफुलकी गाणी आहेत, दोन तालमींत बसतील’ म्हणणाऱ्यांची तर हमखास.

वडील रामूभैय्या दाते इंदूरचे नामांकित रसिक, त्यामुळे घरात मोठ्या गवयांची ऊठबस. स्वतः दाते कुमार गंधर्वांकडे शिकले, पुढे के. महावीर यांच्याकडे. (शिक्षण मात्र वस्त्रोद्योगातल्या अभियांत्रिकीचं.) तेव्हा गाण्यात ताना नाहीत त्या येत नव्हत्या म्हणून नव्हे. शब्द झाकला जाईल अशी जागा ते घेतच नसत. हल्ली ‘भरीव’ वाटावं म्हणून ओळीच्या शेवटी मुरकी (सुरांची झटकन घेतलेली गिरकी) टाकतात आणि नेमका क्रियापदाचा शेवटचा स्वर तिच्यात गडप होतो.

आजचं काम पट्टीचं, म्हणजे गाण्याचा ‘सा’ पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा याचं. ‘शुक्रतारा मंद वारा’ हे युगुलगीत. मूळ ध्वनिमुद्रिकेत सोबत सुधा मल्होत्रा, शब्द मंगेश पाडगांवकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची. पुरुष सहसा काळी एक-दोनमध्ये (पेटीच्या सप्तकातली पहिली-दुसरी काळी पट्टी) गातात, बायका काळी चार-पाचमध्ये. षड्ज, म्हणजे ‘सा’, मात्र दोघांना मिळून एकच घ्यावा लागतो. बहुतेक वेळा पुरुषाची पट्टी धरली जाते, मग बाईंचे खालचे सूर नुसती हवा होऊन बाहेर पडतात. उलट केलं की पुरुष अंतऱ्यात ओरडतो. यावर उपाय एकच. आधी गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर पेटीवर शोधायचा, मग दोघांनी ते दोन्ही सूर शब्दासकट, अगदी हळू आवाजात गाऊन बघायचे. मोठ्याने लागणारा सूर हिशेबात धरायचा नाही. हळू गाताना शब्द ऐकू आला तर ती पट्टी खरी. अर्धा सूर इकडे-तिकडे केला तरी चालतं. ‘मूळ पट्टीतच गाणार’ हा हट्ट फुकटचा.

५ मे

आज शब्दांचं. हे सगळ्यांत रंगतदार, आणि इथेच सगळ्यांत जास्त चुका.

‘शुक्रतारा, मंद वारा’ म्हणजे गालगागा, गालगागा (‘ल’ म्हणजे एका मात्रेचं लघू अक्षर, ‘गा’ म्हणजे दोन मात्रांचं गुरू). सात-सात मात्रा. ‘शु’ पुढच्या ‘क्र’मुळे गुरू होतो, त्यामुळे त्याच्यावर टेकायलाच हवं. हे बहुतेकांना जमतं.

फसवतं ते ‘या जन्मावर, या जगण्यावर’. शब्द पाडगांवकरांचे, चाल यशवंत देवांची. दोन्ही तुकडे आठ-आठ मात्रांचे. ‘जन्मावर’मध्ये ‘ज’वर आघात येतो, म्हणून तो दोन मात्रांचा. तोच हात ‘जगण्यावर’ला लावला की ‘जगण्‌-ण्यावर’ होतं, ‘ग’ दोन मात्रांचा होतो आणि आठाच्या नऊ मात्रा होतात. तबलजी बरोबर असतो, गायक मागे पडतो आणि सगळे तबलजीकडे बघतात! मराठीत ‘ण्या’, ‘च्या’, ‘ल्या’ यांच्या आधीच्या अक्षरावर सहसा आघात येत नाही. ‘जगण्यावर’ बोलून बघितलं की कळतं, ‘ग’ पटकन सुटतो. हिंदी गाणी जास्त गाणाऱ्यांची जीभ इथे हटकून अडकते. दात्यांची ध्वनिमुद्रिका लावून हे दोन शब्द लागोपाठ चार वेळा ऐकावेत. एरवी लक्षातही येत नाही इतकं ते सहज आहे.

‘भातुकलीच्या खेळामधली राजा आणिक राणी’ ही ओळ सोळा आणि बारा मात्रांची. श्वास ‘खेळामधली’नंतर. ‘भातुकलीच्या’नंतर दम घेतला की ‘च्या’ लटकत राहतो, षष्ठी एकीकडे आणि खेळ दुसरीकडे. हे का होतं? लय खाली ओढल्यामुळे. दुःखाचं गाणं म्हणून लोक ते संथ करतात, एका दमात बसणारा तुकडा मग दोन दमांचा होतो. फोनवरच्या मेट्रोनोमवर मूळ ध्वनिमुद्रिकेची लय मोजून लिहून ठेवावी आणि मिनिटाला तीन-चार ठोक्यांपेक्षा जास्त खाली जाऊ नये.

पेटीवाल्यांनाही एक सांगणं. गायकाच्या प्रत्येक सुरावर बोट ठेवू नका. शब्दाच्या सुरुवातीला पेटी आधी वाजली की व्यंजन मरतं. ओळ संपल्यावर भरायला जागा आहेच.

६ मे, पहाट

आज माइक. हळू गाणाऱ्याचा खरा शत्रू तोच. आवाज कमी म्हणून ध्वनिवाला गेन (माइकची आवाज उचलण्याची ताकद) वाढवतो, त्याबरोबर तबला आत येतो आणि मॉनिटर (गायकाकडे तोंड केलेला स्पीकर) शिट्टी मारतो. गायकाच्या पाठीमागे तबलजी बसवला तर माइकचं तोंड सरळ त्याच्याकडेच असतं. म्हणून तबला बाजूला, माइकच्या रेषेत किंवा थोडा पुढे. मॉनिटर माइकच्या पाठीकडून यावा, कारण नेहमीचा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक तिथे सर्वांत बहिरा असतो.

ओठ आणि माइक यांत चार ते सहा बोटांचं अंतर. मऊ गायचं म्हणून ओठ टेकवले की खालचे सूर फुगतात, आवाज गोड वाटतो पण शब्द घोंगडीत गुंडाळल्यासारखे येतात. शिवाय ‘भातुकली’च्या पहिल्याच ‘भ’ला सभागृहात ‘धप’ होतं. माइक तोंडासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याकडे थोडा तिरका ठेवायचा आणि शंभर हर्ट्‌झच्या खालचं कापायचं. ‘शुक्र’चा ‘श’ फुसफुसत असेल तर सहा ते आठ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल कमी करायचे. त्याहून जास्त कमी केलं तर ‘स’चा ‘श’ ऐकू येतो.

एको (आवाजाचा घुमारा) जवळजवळ शून्य. यशवंत देवांचा शब्द होता ‘शब्दप्रधान गायकी’, आणि एकोमध्ये पहिला बळी शब्दाचाच जातो. खळे २०११ साली गेले, पाडगांवकर २०१५च्या डिसेंबरात. देव गेले ते दात्यांच्याच वर्षी, ३० ऑक्टोबरला.

शेवटच्या मुखड्याला सभागृह गाऊ लागतं. तेव्हा माइक लोकांकडे वळवू नये, स्पीकरसमोर गेला की परत शिट्टी. गायकाने फक्त दोन बोटं मागे सरायचं.