कॉलेजच्या खेळाडूला पैसे द्या, पण आधी कागद करा

कळवा, दिवा, घणसोली, कोपरखैरणे या ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात कबड्डी खेळणाऱ्या पोरांच्या हातात पैसे येतातच. थंडीत गावोगावी फ्लडलाइटखाली सामने रंगतात, मंडळं बाहेरचे खेळाडू आणतात, मानधन देतात, उत्कृष्ट चढाईला सायकल आणि स्पर्धेच्या मानकऱ्याला कधी बाइकसुद्धा मिळते. कॉलेजंही अ‍ॅडमिशनच्या वेळी तोंडी बरंच काही कबूल करतात: फी माफ, बूट, ट्रॅकसूट, जाण्यायेण्याचा खर्च. तेव्हा द्यावं की न द्यावं यावर वाद घालण्यात आता फारसा अर्थ नाही. द्यायचं ते किती, कुठल्या पैशातून आणि कुठल्या कागदावर, एवढंच ठरायचं आहे.

यातली फीमाफी जरा जवळून बघा. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून ज्याची ट्यूशन फी शासनच भरतं, त्याला कॉलेजने फी माफ केली म्हणजे नेमकं काय दिलं? आगरी-कोळी वस्त्यांतल्या कितीतरी मुलांना ही प्रतिपूर्ती लागू होते. व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी तर राज्याने 2024-25 पासून पूर्णच उचलली आहे. अशा खेळाडूच्या बाबतीत कॉलेजची उदारता शून्य रुपयांची, आणि त्या बदल्यात तीन वर्षं तो कॉलेजकडून खेळतो.

त्याचा खरा खर्च भलतीकडेच असतो. रोजची सहा अंडी आणि लिटरभर दूध धरलं तरी आजच्या भावाने शंभरच्या वर, म्हणजे महिन्याला तीन हजारांच्या आसपास जातात. मॅटचे बूट, नीकॅप, टेप आणि फिजिओ वेगळे. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूमागे वर्षाला 6.28 लाखांची तरतूद असते आणि त्यातले महिना 10,000 हातखर्चाला मिळतात. पण तिथवर पोचणारे मोजकेच. बाकीच्यांसाठी कॉलेजने महिना 2,000 दिले तरी निदान खुराकाचा मोठा भाग सुटतो.

अमेरिकेचा हिशोब इथे उचलून आणण्यात अर्थ नाही. तिथे 1 जुलै 2021 पासून खेळाडू स्वतःचं नाव आणि छबी वापरू देऊन कमवू लागले. 6 जून 2025 ला खेळाडूंनी कॉलेज खेळांच्या संघटनेवर भरलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाली आणि कॉलेजंच थेट पैसे देऊ लागली. 2025-26 साठी एका कॉलेजची कमाल मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. हा आकडा मोठ्या कॉलेजांच्या टीव्ही हक्क, तिकिटं वगैरेंच्या सरासरी उत्पन्नाच्या 22 टक्क्यांवरून काढलेला आहे. आपल्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डीला तिकीटच नाही, तर टक्के कशाचे काढणार?

आपल्याकडे पैसा आहे तो जिमखाना फीचा, आणि ती खेळणारे-न खेळणारे सगळेच भरतात. समजा कॉलेजात 3,000 विद्यार्थी आहेत आणि माणशी 400 रुपये घेतले जातात, तर 12 लाख जमतात. मुलांचा आणि मुलींचा प्रत्येकी बारा जणांचा संघ धरला, तर 24 खेळाडूंना दहा महिने 2,000 देण्याचे 4 लाख 80 हजार झाले. उरलेल्या 7 लाख 20 हजारांत किट, प्रवेश शुल्क, प्रवास आणि बाकीचे खेळ बसवायचे. ओढाताण होईल, पण जमेल. फक्त हा हिशोब नोटीस बोर्डावर लागला पाहिजे, कारण ज्यांच्या फीतून पैसा येतो त्यांना तो कुठे गेला हे विचारायचा हक्क आहे. मुलामुलींना रक्कम सारखीच द्यायची. अमेरिकेत हाउस तडजोडीतून माजी खेळाडूंना द्यायच्या जुन्या थकबाकीच्या वाटपात मोठा हिस्सा पुरुषांच्या फुटबॉल-बास्केटबॉलला गेला आणि महिला खेळाडूंनी त्याविरुद्ध अपील केलं. आपल्याकडे दोन्ही संघांचं उत्पन्न शून्यच, तेव्हा फरक करायला ती सबबही नाही.

या पैशाला पगार मात्र म्हणू नका. आंतरविद्यापीठ स्पर्धेत पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला खेळता येत नाही, मग कागदावर 'कर्मचारी' असा शब्द हवाच कशाला? शिक्षणाच्या खर्चासाठी दिलेली शिष्यवृत्ती 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 10(16) ने करमुक्त ठेवली होती, जाहिरातीचं मानधन मात्र उत्पन्नातच धरलं जातं. आणि महाडीबीटीच्या काही योजनांत दुसरी शिष्यवृत्ती चालत नाही. म्हणून खेळाडूच्या योजनेच्या अटी आधी वाचायच्या आणि मगच पैशाला शिष्यवृत्ती म्हणायचं की खुराक भत्ता ते ठरवायचं. हे उलट्या क्रमाने केलं की मुलाचा अर्ज मधेच अडकतो.

करार एका पानाचा आणि मराठीत पुरे. रक्कम, दर महिन्याची तारीख, खेळाडूचं स्वतःचं बँक खातं. स्पोर्ट्सच्या सरांच्या हातून रोख द्यायची नाही. सर कितीही भले असोत, संघ निवडणारा आणि पैसे वाटणारा एकच माणूस असला की खेळाडू कशालाच नाही म्हणू शकत नाही. अकरावी-बारावीचा खेळाडू बहुतेक वेळा 18 च्या आतला असतो. त्याच्या सहीचा करार कायद्याने टिकत नाही, म्हणून तिथे आईवडिलांची सही घ्यायची. कॉलेज सोडलं तर अमुक लाख भरा, असलं कलम दिसलं की सही करू नये. हमी म्हणून मूळ गुणपत्रिका ठेवून घ्यायला तर यूजीसीने 2018 मध्येच मनाई केली आहे.

सगळ्यात जास्त गफलत दुखापतीत होते. पकडीत गुडघा फिरतो, आतला एसीएल हा अस्थिबंध तुटतो, ऑपरेशननंतर मॅटवर परतायला सहा ते नऊ महिने लागतात, आणि तेवढ्यात 'यंदा खेळला नाही' म्हणून सवलत बंद होते. अमेरिकेत 1973 पासून खेळाडूंची शिष्यवृत्ती एकेका वर्षाचीच असे. अनेक वर्षांची द्यायला 2012 मध्ये परवानगी मिळाली, आणि खेळातल्या कामगिरीवरून ती काढून घ्यायला मोठ्या कॉन्फरन्सेसनी, म्हणजे कॉलेजांच्या बड्या गटांनी, 2015 मध्ये बंदी घातली. तिथून एक गोष्ट उचलायची तर ही. कलम साधं लिहायचं: सरावात किंवा सामन्यात दुखापत झाली तरी पदवी होईपर्यंत रक्कम चालू राहील. त्याच्या जोडीला विम्याची पॉलिसी तपासायची. अपघात विमा बऱ्याचदा फक्त मृत्यू आणि कायमचं अपंगत्व धरतो, त्यात एमआरआय आणि फिजिओ बसत नाही. त्यासाठी जिमखान्याच्या खात्यातच लाखभर रुपये राखून ठेवावे लागतील.

राहिला फ्लेक्स. जूनमध्ये अ‍ॅडमिशन सुरू झाली की कॉलेजच्या गेटवर पदक गळ्यात घातलेल्या खेळाडूचा पुरुषभर फोटो लागतो, आणि खाली कोर्सेसची यादी. ही सरळसरळ जाहिरात आहे. तिची संमती खेळाच्या करारात घुसडायची नाही, वेगळी घ्यायची: कुठला फोटो, किती महिने, किती रुपये. गावच्या नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फोटो असेल किंवा मंडळाकडून मानधन मिळालं असेल, तर खेळाडूने कॉलेजला एक ओळ लिहून द्यावी. अमेरिकेत 600 डॉलरच्या वरचा बाहेरचा सौदा कळवावा लागतो, आपल्याकडे 5,000 ची रेघ मारायला हरकत नाही. नोंद एवढ्यासाठी की उद्या मंडळाचा सामना आणि विद्यापीठाचा सामना एकाच दिवशी आला, तर कुणाकडून खेळायचं हे आधीच ठरलेलं असावं.